१३० वी घटनादुरुस्ती म्हणजे संविधान १३० वेळा बदललं का? सोसायटीच्या सभेवरून समजून घेऊ

२०२५ च्या ऑगस्टमधली गोष्ट. चोपड्याला चहाच्या टपरीवर बसलो होतो, आणि आमचे आप्पा, म्हणजे नात्याने कोणी नाही पण सगळा रस्ता त्यांना आप्पाच म्हणतो, पेपर वाचत होते. पहिल्या पानावर मोठं हेडिंग, १३० वी घटनादुरुस्ती लोकसभेत मांडली. आप्पांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "एकशे तीस येळा बदली टाकं का रे भो? मंग त्यामा ऱ्हायनं काय?"

मी एमपीएससीच्या पोरांना राज्यशास्त्र शिकवतो त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडेच येतात. पण मी तोंड उघडायच्या आत शेजारचा रिक्षावाला भाऊ म्हणाला, संविधान बदलताच येत नाही, बाबासाहेबांनी लिहिलंय ते. त्याच्यावर माझा एक वर्गमित्र म्हणाला की कसलं काय, बहुमत आलं की काहीही बदलता येतं, आणि मग जी जुंपली ती दुसरा चहा येईपर्यंत. मजा म्हणजे दोघंही थोडे थोडे बरोबर होते आणि दोघंही चूक. तेव्हा दोन वाक्यांत सांगता आलं नाही म्हणून हे जरा सविस्तर.

## आधी त्या आकड्याचा घोळ मिटवू

१३० हा नंबर विधेयकाचा आहे. विधेयक म्हणजे कायद्याचा नुसता प्रस्ताव, अजून मंजूर न झालेला. सरकारने संसदेत घटनादुरुस्तीचा असा प्रस्ताव मांडायला काढला की त्याला नंबर पडतो, पुढे तो पास होवो, पडो, नाहीतर तसाच लटको. कापसाच्या खरेदी केंद्रावर तुम्हाला १३० नंबरचं टोकन मिळालं म्हणजे तुमच्या आधी १२९ गाड्या मोजून झाल्या असं थोडीच असतं, मधले कितीतरी जण कंटाळून ट्रॅक्टर वळवून घरी गेलेले असतात.

त्या दिवशीपर्यंत प्रत्यक्ष झालेल्या दुरुस्त्या होत्या १०६. शेवटची, लोकसभा-विधानसभेत बायकांना एक तृतीयांश जागा देणारी, ती सप्टेंबर २०२३ ची, आणि तिच्या विधेयकाचा नंबर होता १२८. जीएसटीचं विधेयक १२२ वं, दुरुस्ती झाली १०१ वी. ग्रामपंचायतीची ७३ वी घटनादुरुस्ती तर सरपंचांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना माहिती आहे, तिचं विधेयक होतं ७२ वं. म्हणजे हा घोळ आजचा नाही.

## संविधान म्हणजे काय, तर आधी उपविधी आठवा

गावात विकास सोसायटी असते. कोणाला किती पीककर्ज द्यायचं, वसुलीला कधी जायचं, हे संचालक मंडळ ठरवतं. पण ते मंडळ कितीजणांचं, निवडून कसं येणार, चेअरमनला काय अधिकार आणि काय नाही, हे मंडळ ठरवत नाही, ते उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या स्वतःच्या नियमांत, लिहिलेलं असतं. आणि उपविधी बदलायचे असले तर संचालकांनी ऑफिसात दार लावून बसून चालत नाही, सर्वसाधारण सभा लावा, विषयपत्रिकेवर विषय घ्या, हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश लोकांचा होकार घ्या, आणि वर निबंधकाची, म्हणजे सहकार खात्याच्या अधिकाऱ्याची, मंजुरी आणा. का? कारण ज्याच्यावर नियम लागू आहे त्यानेच एकट्याने नियम बदलला तर तो नियम कसला.

संविधान हे देशाचे उपविधी. सरकार कसं बनणार, त्याने काय करायचं, कुठे थांबायचं, आणि तुमचे-माझे कोणते हक्क त्याला हिसकावता येणार नाहीत, ते सगळं त्यात. फरक एवढाच की सोसायटीच्या उपविधींच्या डोक्यावर सहकार कायदा आहे, संविधानाच्या डोक्यावर कोणताच कायदा नाही.

२६ जानेवारी १९५० ला ते लागू झालं तेव्हा ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं होती. आणि इथे मला जरा खान्देशाची फुशारकी मारू द्या. डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदा शहर सोडून खेड्यात भरलं ते आपल्या फैजपूरला, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, आणि तिथल्या ठरावात मागणी होती की इंग्रजांनी दिलेला १९३५ चा कायदा आम्हाला नको, आमची राज्यघटना आम्ही आमच्या संविधान सभेतून बनवू, आणि ती सभा सगळ्या प्रौढांच्या मतदानाने निवडलेली असेल. शेवटची अट काही पूर्ण झाली नाही, १९४६ ची संविधान सभा प्रांतांच्या आमदारांनी निवडली, थेट जनतेने नाही. पण फैजपूरच्या रस्त्याने केळीच्या गाड्या जाताना बघितल्या की मला हे हमखास आठवतं.

## रस्ता पहिला: साधं बहुमत, आणि नवापूरचं बाकडं

संविधान बदलायला एकच रस्ता आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तीन आहेत आणि कोणती गोष्ट कोणत्या रस्त्याने जाते यातच सगळी मेख आहे.

पहिला सोपा. सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त हो म्हणाले की झालं, कुठल्याही साध्या कायद्यासारखं. राज्याची हद्द बदलणं, नवं राज्य काढणं, राज्याचं नाव बदलणं हे या रस्त्याने जातं.

सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर स्टेशनला कधी उतरला असाल तर तुम्ही ते बाकडं बघितलं असेल, मधोमध रेघ, अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलंय आणि अर्ध्यावर गुजरात. तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांचं ऑफिस गुजरातेत. माणूस तिथे बसून वडापाव खातो तेव्हा एक मांडी या राज्यात आणि एक त्या. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, आणि त्यासाठी केलेल्या मुंबई पुनर्रचना कायद्यात पश्चिम खान्देशातल्या, म्हणजे नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतल्या काही गावांची यादी आहे, ती गुजरातेत गेली. संविधानाच्या पहिल्या परिशिष्टात राज्यांची यादी असते, ती बदलली. पण हे सगळं साध्या बहुमताने, आणि संविधानच सांगतं की याला घटनादुरुस्ती म्हणायचं नाही.

ज्या राज्याची हद्द बदलायची त्याच्या विधानसभेला फक्त मत विचारतात, ते ऐकलंच पाहिजे असं बंधन संसदेवर नाही. मला विचाराल तर हे जरा जास्तच सोपं ठेवलंय, एखाद्या राज्याचे दोन तुकडे साध्या बहुमताने होतात आणि एका भाषेचं नाव यादीत घालायला दोन तृतीयांश लागतात (ते पुढे येतंय), हे विचित्रच. पण १९५० मध्ये संस्थानं नुकतीच विलीन झालेली, नकाशा रोज हलत होता, तेव्हा त्यांनी हे दार मुद्दाम मोकळं ठेवलं.

जाता जाता, १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला त्याचा संविधानाशी काही संबंध नाही. जिल्हे राज्य सरकार काढतं.

## रस्ता दुसरा: दोन गाळण्या

खरी घटनादुरुस्ती इथून सुरू होते, कलम ३६८. लोकसभा आणि राज्यसभा, दोघींत वेगवेगळ्या, दोन अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. एक, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूने हवेत. दोन, त्या सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त हवेत. याला विशेष बहुमत म्हणतात.

दोन अटी का? आमच्या सोसायटीच्या सभेला कधी या. सभासद सहाशे, मंडपात साठ, त्यातले निम्मे जेवणाच्या वासाकडे तोंड करून बसलेले, सचिव विषय वाचतो आणि त्याचं वाक्य संपायच्या आत मागून आरोळी येते "मंजूर! मंजूर!" एका वर्षी तर सचिवाने चुकून मागच्या वर्षीचाच विषय वाचला, तोही मंजूर झाला. फक्त दोन तृतीयांशची अट असती तर संसदेतही नव्वद जण बसलेले असताना साठ जणांनी संविधान बदललं असतं. दुसरी अट ते होऊ देत नाही. लोकसभा ५४३ ची, म्हणजे कमीत कमी २७२ हवेतच, आणि सगळेच्या सगळे हजर राहिले तर ३६२.

एक ताजं उदाहरण घ्या. डिसेंबर २०२४ मध्ये एकत्र निवडणुकांचं १२९ वं विधेयक मांडताना मतदान झालं, बाजूने २६९, विरोधात १९८. मांडायला साधं बहुमत पुरतं म्हणून ते मांडलं गेलं. पण हेच आकडे शेवटच्या मंजुरीला पडले असते तर? एकूण मतं ४६७, दोन तृतीयांश म्हणजे ३१२, कमी पडली ४३. आणि २६९ हे २७२ पेक्षाही तीनने कमी. म्हणजे दोन्ही गाळण्यांत अडकलं असतं. म्हणून "विधेयक मांडलं" या बातमीवर लगेच मिठाई पण वाटू नका आणि टायर पण जाळू नका. उलट महिला आरक्षणाच्या वेळी लोकसभेत ४५४ बाजूने आणि २ विरोधात, तिथे हिशोब करायची गरजच पडली नाही.

आणि ही गाळणी किती बारीक आहे बघा. १९७० मध्ये राजे-महाराजांचे तनखे बंद करायची दुरुस्ती राज्यसभेत आली, १४९ बाजूने, ७५ विरोधात. २२४ चे दोन तृतीयांश होतात १४९ पूर्णांक आणि वर एक तृतीयांश. माणसाचा तिसरा हिस्सा कमी पडला आणि विधेयक पडलं. तनखे पुढच्या वर्षी २६ व्या दुरुस्तीने गेलेच, पण त्या दिवशी वाचले.

साध्या कायद्यावर दोन सभागृहांचं जुळलं नाही तर एकत्र बैठक बोलावून मोजणी करता येते. इथे ती सोय नाही, राज्यसभेने नाही म्हटलं की विषय संपला. राजीव गांधींचं पंचायत राजचं ६४ वं विधेयक १९८९ मध्ये असंच राज्यसभेत पडलं, आणि तोच विचार मग काही वर्षांनी ७३ वी दुरुस्ती होऊन आला.

## रस्ता तिसरा: राज्यांना विचारा, नाहीतर जे सहकाराचं झालं ते होतं

काही विषय असे की त्यात केंद्राइतकाच राज्यांचाही हिस्सा आहे. राष्ट्रपतींची निवडणूक, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट, केंद्राने कशावर कायदा करायचा आणि राज्याने कशावर त्या याद्या, संसदेत राज्यांच्या जागा, आणि खुद्द कलम ३६८. इथे विशेष बहुमत झाल्यावर निम्म्या राज्यांच्या विधानसभांनी पण होकार द्यायचा. आज राज्यं २८, म्हणजे १४. जीएसटीला हे केलं गेलं.

९७ व्या दुरुस्तीला केलं नाही, आणि ही गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. सहकारी संस्थांबद्दल संविधानात एक अख्खा नवा भाग घातला, संचालक २१ पेक्षा जास्त नकोत, मुदत पाच वर्षं, बायकांना दोन जागा, वगैरे. राष्ट्रपतींची सही झाली जानेवारी २०१२ मध्ये आणि तेव्हा राष्ट्रपती होत्या आपल्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील. (घटनादुरुस्तीवर राष्ट्रपतींना सही द्यावीच लागते, परत पाठवता येत नाही, १९७१ पासून तसं आहे.) महाराष्ट्राने २०१३ मध्ये स्वतःचा सहकार कायदा त्याप्रमाणे बदलला, गावोगावच्या सोसायट्यांनी नवे उपविधी केले, आमच्याकडेही झाले, "मंजूर! मंजूर!"

पण सहकार हा राज्यांच्या यादीतला विषय. राज्याने त्यावर कायदा कसा करायचा हे संसदेने बांधून टाकलं, म्हणजे राज्याच्या अधिकारात हात घातला, आणि निम्म्या राज्यांना विचारलंच नव्हतं. गुजरात हायकोर्टाने २०१३ मध्ये तो भाग रद्द केला आणि जुलै २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला, फक्त एकापेक्षा जास्त राज्यांत काम करणाऱ्या बहुराज्यीय संस्थांपुरता तो ठेवला. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं संविधानात बसलेला भाग, आत काय लिहिलंय ते वाईट होतं म्हणून नाही, योग्य दारातून आला नाही म्हणून गेला. गावात मात्र दुसऱ्या दिवशी काहीच बदललं नाही, कारण आपल्या राज्याने केलेला कायदा राज्याचा होता, तो तसाच राहिला.

## सगळे नियम पाळले तर मग काहीही बदलता येईल?

माझ्या वर्गमित्राचा प्रश्न हाच होता. याला उत्तर केळीच्या बागेत आहे.

केळीचा जो खांब दिसतो ना, ते खरं खोड नाहीच, पानांच्या गुंडाळ्या आहेत त्या. खरं खोड म्हणजे जमिनीतला कंद. घड उतरला की खांब कापून टाकतो, बाजूची पिलं काढतो, एक ठेवतो, त्याची पिलबाग होते, आणि बाग चालू राहते. कितीही छाटा. पण कुदळ घेऊन कंदच उपटला तर मग ती छाटणी नाही, बाग काढून टाकणं झालं.

२४ एप्रिल १९७३ ला सुप्रीम कोर्टाने साधारण हेच म्हटलं. केरळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती मठाच्या जमिनीसाठी कोर्टात गेले होते, प्रश्न वाढत वाढत संसदेला संविधान कुठपर्यंत बदलता येतं इथे पोचला, १३ न्यायाधीश बसले, ६८ दिवस सुनावणी चालली आणि निकाल ७ विरुद्ध ६. संसद कुठलंही कलम बदलू शकते, मूलभूत हक्काचंसुद्धा, पण संविधानाची मूलभूत संरचना, म्हणजे ज्यामुळे ते संविधान राहतं तो गाभा, मोडू शकत नाही. लोकशाही, कायद्याचं राज्य, स्वतंत्र न्यायव्यवस्था, धर्मनिरपेक्षता हे त्यात येतं असं पुढच्या निकालांतून ठरत गेलं. (आणि बरोबर वीस वर्षांनी त्याच तारखेला, २४ एप्रिल १९९३ ला, पंचायत राजची ७३ वी दुरुस्ती लागू झाली. योगायोग, पण माझ्या पोरांना तारखा पाठ करायला सोपं जातं.)

१९७६ मध्ये आणीबाणीत आलेल्या ४२ व्या दुरुस्तीने लिहून टाकलं होतं की घटनादुरुस्तीवर कोर्टात जाताच येणार नाही. ते १९८० मध्ये कोर्टाने काढलं. आणि न्यायाधीशांच्या नेमणुकीची ९९ वी दुरुस्ती तर बघा, लोकसभेत विरोधात एक मत नाही, निम्म्याहून जास्त राज्यांचा होकार आलेला, सहकाराच्या वेळी चुकली तशी एकही पायरी चुकलेली नाही, तरी २०१५ मध्ये ४ विरुद्ध १ ने रद्द. न्यायव्यवस्थेच्या स्वातंत्र्याला धक्का लागतो म्हणून. उलट आर्थिकदृष्ट्या मागासांना १० टक्के आरक्षण देणारी १०३ वी दुरुस्ती कोर्टात टिकली, ३ विरुद्ध २ ने का होईना.

## पण न्यायाधीशांना कोणी निवडून दिलंय?

कोणीच नाही, आणि हा आक्षेप हलका नाही. मूलभूत संरचना हे शब्द संविधानात कुठेच लिहिलेले नाहीत, आणि यादी पूर्ण कधीच होत नाही. न्यायाधीशांच्या नेमणुकीबद्दलची दुरुस्ती न्यायाधीशांनीच रद्द करावी हे तर मलाही खटकतं, चेअरमननेच स्वतःच्या ऑडिटवर सही केल्यासारखं वाटतं ते. दुसरी बाजू अशी की दोन तृतीयांश मिळवलेल्या सरकारने उद्या निवडणुकाच बंद केल्या तर त्याला थांबवायला दुसरं कोण उरतं? मला तरी कोर्टाचा अधिकार गेलेला नकोय, पण तो क्वचित वापरला जावा असं वाटतं.

## एवढ्या दुरुस्त्या कशाला लागतात, अमेरिकेत तर २७ च आहेत

कारण आपल्या संविधानात बारीकसारीक फार आहे. दुसरे देश ज्या गोष्टी साध्या कायद्यात ठेवतात त्या आपण मूळ पुस्तकातच घातल्या, मग वर्ष-दोन वर्षांनी पुस्तक उघडावं लागतं. लोकसभा-विधानसभेतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांना सुरुवातीला दहा वर्षांची मुदत होती, ती दर दहा वर्षांनी वाढवायची तर दर वेळी एक दुरुस्ती. मतदानाचं वय २१ चं १८ करायचं, ६१ वी दुरुस्ती. नुसता आकडा बघून घाबरण्यात अर्थ नाही, ४२ व्या एका दुरुस्तीने जेवढी उलथापालथ केली तेवढी बाकीच्या कित्येकांनी मिळून नाही केली, आणि तिच्यातलं बरंचसं १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने परत जागेवर आणलं.

## "आम्हले कोनी इचारं?"

आप्पांचा हा शेवटचा प्रश्न. नाही विचारलं, आणि विचारणारही नाहीत. काही देशांत संविधान बदलायला सगळ्या जनतेचं मतदान घेतात, आपल्याकडे ती सोयच ठेवलेली नाही. आपण खासदार आणि आमदार निवडतो, त्यांनी हात वर केला म्हणजे आपण केला, असा हिशोब आहे.

मग आप्पांनी विचारलं, "आपली अहिराणी तठे कवय जाई?" म्हणजे आपली खान्देशातली अहिराणी बोली तिथे कधी जाणार, आणि तिथे म्हणजे भाषांची यादी असलेल्या आठव्या परिशिष्टात. १९५० मध्ये तिथे १४ भाषा होत्या, आज २२ आहेत, प्रत्येक वाढीव भाषा दुरुस्तीने आली, १९६७ मध्ये सिंधी, १९९२ मध्ये कोकणी, मणिपुरी, नेपाळी, २००३ मध्ये बोडो, डोगरी, मैथिली, संताली. म्हणजे रस्ता दुसरा, राज्यांना विचारायची गरज नाही, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. मी बोटांवर मोजून सांगितलं, सगळे हजर असले तर लोकसभेत ३६२, राज्यसभेत २४५ पैकी १६४. आप्पा म्हणाले आपल्या तीन जिल्ह्यांतून खासदार जातात किती? लोकसभेचे चार, म्हटलं, जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार. त्यांनी पेपरची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सोसायटीच्या ऑफिसात गेले आणि उपविधीची प्रत वाचायला मागितली. तीस वर्षांपासूनचे सभासद, पहिल्यांदाच मागितली. सचिव म्हणाला कपाटात आहे, चावी चेअरमनकडे, आणि चेअरमन लग्नाला शिरपूरला गेलेत.